सॉर्ट फंक्शनने काय विचारावं?

सॉर्टिंग म्हटलं की संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आठवतात ते अल्गोरिदम. बबल सॉर्ट, क्विकसॉर्ट, मर्जसॉर्ट आणि त्यांच्यावर परीक्षेत हमखास येणारे प्रश्न. नोकरीला लागल्यावर मात्र यातला एकही अल्गोरिदम सहसा हाताने लिहावा लागत नाही. प्रत्येक भाषेत तयार सॉर्ट फंक्शन असतं. यादी त्याच्या हवाली करायची आणि क्रमाने लागलेली परत घ्यायची. रोजच्या कामात खरा प्रश्न उरतो तो वेगळाच. हे फंक्शन आपल्याला काय विचारतं, आणि कसली हमी देतं? पायथॉन या भाषेने या प्रश्नाचं आपलं उत्तर २००३ ते २००८ या काळात जवळजवळ मुळापासून बदललं. वेगवान अल्गोरिदम सापडला म्हणून पायथॉनचं सॉर्ट चांगलं झालं, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वापरणाऱ्याला विचारायचा प्रश्न बदलला, ही त्यातली मोठी सुधारणा.

जुना प्रश्न कोणता होता ते आधी पाहू. सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत 'क्यूसॉर्ट' नावाचं फंक्शन आहे. त्याला यादी द्यायची आणि सोबत तुलना करणारं आपलं एक छोटं फंक्शन द्यायचं. क्यूसॉर्ट यादीतल्या दोन वस्तू उचलतं आणि आपल्या फंक्शनला विचारतं, 'या दोघांत आधी कोण?' पहिली आधी असेल तर ऋण संख्या, दोन्ही सारख्या असतील तर शून्य, दुसरी आधी असेल तर धन संख्या परत करायची. जावातले कंपॅरेटर याच धाटणीचे, आणि पायथॉनमध्येही सुरुवातीची कित्येक वर्षं 'सीएमपी' नावाने हीच सोय होती.

हे दिसायला सोपं आहे. त्यातली अडचण लिहायला बसल्यावर कळते. दोन संख्यांची तुलना करायची तर पहिल्या संख्येतून दुसरी वजा करून येईल ते उत्तर परत करावं, ही युक्ती अनेकांना सुचते. पाच वजा तीन म्हणजे धन, तीन वजा पाच म्हणजे ऋण. चाचणीत सगळं बरोबर येतं. पण जावातल्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आता दोन अब्जातून उणे दोन अब्ज वजा करा. उत्तर चार अब्ज यायला हवं; ते मावत नाही, म्हणून संख्या उलटी फिरून उणे २९,४९,६७,२९६ होते. थोडक्यात, दोन अब्ज ही संख्या उणे दोन अब्जांपेक्षा लहान ठरते. कार्यक्रम थांबत नाही, तक्रार करत नाही, फक्त यादी चुकीची लागते. हा दोष लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा म्हणता येईल, पण ज्या प्रश्नाचं उत्तर देताना इतक्या सहज चुकता येतं त्या प्रश्नाचाही त्यात वाटा आहे.

दुसरी अडचण खर्चाची. दहा लाख नोंदी अस्ताव्यस्त क्रमाने पडल्या असतील, तर तुलना करून त्या लावायला दोन कोटींच्या घरात तुलना लागतात. अल्गोरिदम कितीही हुशार असला तरी हा आकडा फारसा खाली येत नाही. सरासरीने सुमारे १ कोटी ८५ लाख तुलना लागणारच, हे गणिताने सिद्ध आहे. म्हणजे आपलं तुलनेचं फंक्शन तितक्या वेळा बोलावलं जाणार. समजा नावं लावताना इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठा भेद विसरायचा आहे. मग प्रत्येक तुलनेत दोन्ही नावं आधी लहान अक्षरांत बदलायची. दहा लाख नावांसाठी हेच रूपांतर साडेतीन-चार कोटी वेळा होणार, तेही त्याच त्या नावांचं पुन्हा पुन्हा.

हे टाळायची युक्ती प्रोग्रामरांनी फार आधी शोधली होती. प्रत्येक नोंदीसाठी लागणारी किंमत एकदाच काढायची, ती नोंदीच्या पुढे चिकटवायची, अशा जोड्यांची यादी लावायची, आणि शेवटी चिकटवलेलं काढून टाकायचं. पायथॉनवाले याला डेकोरेट-सॉर्ट-अनडेकोरेट म्हणायचे. पर्ल भाषेत रँडल श्वार्ट्झ यांच्या नावावरून याला श्वार्ट्झियन ट्रान्सफॉर्म म्हणतात. पायथॉनमध्ये ही युक्ती करताना आणखी एक काळजी घ्यावी लागे. दोन किमती सारख्या निघाल्या तर भाषा जोडीतल्या पुढच्या घटकाची, म्हणजे मूळ नोंदींचीच तुलना करायला जायची. ती नको असेल तर मध्ये नोंदीचा अनुक्रमांक घालायचा. एवढ्याशा कामासाठी तीन टप्पे आणि एक खबरदारी, आणि हे प्रत्येकाने आपापल्या कार्यक्रमात पुन्हा लिहायचं.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या पायथॉन २.४ ने ही युक्ती फंक्शनच्या पोटात घेतली. सॉर्टला 'की' नावाचं नवं प्रचल मिळालं. आता फंक्शन 'या दोघांत आधी कोण?' असं न विचारता 'या एका नोंदीची किंमत काय?' असं विचारू लागलं. दहा लाख नोंदी असतील तर हा प्रश्न बरोबर दहा लाख वेळा विचारला जातो, प्रत्येक नोंदीला एकदा. पुढच्या सगळ्या तुलना त्या किमतींच्या, आणि त्या भाषेच्या आतल्या वेगवान कोडमध्ये होतात. ही कल्पना अगदी नवी नव्हती, कॉमन लिस्पच्या सॉर्टमध्ये तसं प्रचल होतंच. पण पायथॉनने पुढे जाऊन तोच मुख्य रस्ता केला, आणि माझ्या मते तिथे त्या भाषेच्या कर्त्यांची नजर दिसते.

एक निकालपत्रक घेऊ. अमोल ९१, स्नेहा ८२, विद्या ८२. जास्त गुणवाला वर, गुण सारखे असतील तर नावं अकारविल्हे. तुलनेच्या पद्धतीत आधी गुण पाहा, वेगळे असतील तर उलट चिन्हाने उत्तर द्या, सारखे असतील तर नावं पाहा, अशी पायऱ्यांची उतरंड लिहावी लागते आणि चिन्ह कुठे उलटायचं यात गफलत होते. कीच्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक जोडी परत करायची: उणे गुण आणि नाव. अमोलची जोडी (-९१, अमोल), विद्याची (-८२, विद्या), स्नेहाची (-८२, स्नेहा). पायथॉन जोड्यांची तुलना डावीकडून करतो, त्यामुळे अमोल पहिला, आणि व हे स च्या आधी येत असल्याने विद्या स्नेहाच्या वर. एका ओळीत काम झालं, आणि ती ओळ वाचणाऱ्याला क्रमाचा नियम जसाच्या तसा दिसतो.

उणे चिन्हाची ही सोय संख्यांपुरती. शब्दांना उणे करता येत नाही. जिल्हे अकारविल्हे, पण प्रत्येक जिल्ह्यातली गावं उलट क्रमाने हवी असतील तर काय करायचं? इथे सॉर्टने दिलेली हमी उपयोगी पडते. त्या हमीला स्थैर्य म्हणतात: की सारखी असलेल्या नोंदी एकमेकींच्या मागेपुढे होणार नाहीत, मूळ यादीत ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने राहतील. मग आधी सगळी यादी गावाच्या नावाने उलटी लावायची, आणि नंतर तीच यादी जिल्ह्याने सुलटी लावायची. दुसऱ्या फेरीत एकाच जिल्ह्याच्या नोंदींचा आपसांतला क्रम हलत नाही, म्हणून गावं उलटीच राहतात. कमी महत्त्वाच्या निकषापासून सुरुवात करून महत्त्वाच्या निकषाकडे यायचं, एवढं लक्षात ठेवलं की पाच निकषांची यादीही अशीच लागते. पायथॉनमधलं 'रिव्हर्स' प्रचलही हा नियम पाळतं. यादी उलट्या क्रमाने लावतानाही सारख्या नोंदी जागच्या जागी ठेवतं. लावून झालेली यादी नुसती उलटी केली असती तर त्या नोंदीही उलटल्या असत्या.

स्थैर्याची ही हमी पायथॉनला २००३ मध्ये, २.३ आवृत्तीपासून देता आली, कारण टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये सॉर्टचं यंत्रच नवं लिहिलं. त्याला टिमसॉर्ट म्हणतात. त्यामागचं निरीक्षण साधं आहे: खऱ्या जगातली यादी क्वचितच पूर्ण विस्कटलेली असते. लावलेल्या यादीच्या शेवटी दहा नव्या नोंदी जोडल्या जातात, दोन लावलेल्या याद्या एकापुढे एक ठेवल्या जातात, किंवा यादी आधीच उलट्या क्रमाने असते. टिमसॉर्ट यादीत असे आधीच क्रमाने असलेले तुकडे शोधतं आणि ते एकमेकांत मिसळतं. उतरता तुकडा सापडला तर तो जागच्या जागी उलटवतं. पण काटेकोर उतरता असेल तरच, म्हणजे त्यात दोन सारख्या नोंदी असतील तर नाही, कारण मग स्थैर्य मोडेल. दहा लाखांची यादी आधीच क्रमात असेल तर ९,९९,९९९ तुलनांत काम संपतं. पुढे जोशुआ ब्लॉक यांनी ते जावात आणलं आणि २०११ च्या जावा ७ पासून वस्तूंच्या याद्यांसाठी ते वापरात आलं.

हमी नसली की काय होतं, याचं उदाहरण जावास्क्रिप्टमध्ये आहे. क्रोम ब्राउझरच्या व्ही८ या इंजिनमध्ये अनेक वर्षं दहापर्यंतच्या यादीसाठी इन्सर्शन सॉर्ट आणि त्याहून मोठ्या यादीसाठी क्विकसॉर्ट वापरलं जाई. पहिलं स्थिर, दुसरं नाही. सात-आठ नोंदी घेऊन चाचणी केली की सगळं ठीक. खऱ्या माहितीवर ओळी मागेपुढे. २०१८ मध्ये व्ही८ ने स्थिर सॉर्ट आणलं आणि २०१९ च्या भाषा-प्रमाणात स्थैर्य सक्तीचं झालं. त्याच भाषेत काही न सांगता १, २, १० ही यादी लावली तर १, १०, २ असं उत्तर येतं, कारण मुळात संख्यांचेही शब्द करून तुलना होते. ही चाल मात्र आजही तशीच आहे. लाखो पानं तिच्यावर उभी असल्याने आता ती बदलणं शक्य नाही. सुरुवातीचा आराखडा किती काळ मानेवर बसतो, हे यावरून कळावं.

परत पायथॉनकडे. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आवृत्ती आली आणि तिच्यात सॉर्टमधून सीएमपी काढूनच टाकलं. यावर आक्षेप घेतले गेले आणि ते पोकळ नव्हते. काही क्रम असे असतात की दोन वस्तू समोर ठेवल्या तर आधी कोण हे लगेच सांगता येतं, पण एकट्या वस्तूची किंमत सुचत नाही. ३, ३०, ३४, ९ हे आकडे एकापुढे एक लिहून सर्वांत मोठी संख्या करायची आहे, हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. ३ आणि ३० यांत आधी कोण? ३३० आणि ३०३ करून पाहा. ३३० मोठा, म्हणून ३ आधी. तुलना सोपी, पण ३ ची स्वतःची की काय द्यायची हे चटकन कळत नाही. अशांसाठी २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांत एक जोडफंक्शन आलं, जे तुलनेच्या फंक्शनचं रूपांतर कीमध्ये करतं. दार बंद केलं नाही, फक्त बाजूला नेलं.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचं कारण केवळ वेग नाही. तुलनेचं फंक्शन विसंगत असू शकतं: अ हा ब च्या आधी, ब हा क च्या आधी, आणि तरी क हा अ च्या आधी, असं ते बिनदिक्कत सांगू शकतं. अशा उत्तरांवर कुठलाही अल्गोरिदम बरोबर यादी लावू शकत नाही. जावा ७ पासून अशा वेळी कधीकधी अपवाद फेकला जातो आणि तुलनेने आपला करार मोडला असा संदेश येतो. रस्ट भाषेनेही २०२४ च्या १.८१ आवृत्तीत विसंगत क्रम आढळला तर थांबण्याची मुभा आपल्या सॉर्टला दिली. कीच्या पद्धतीत हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. प्रत्येक नोंदीला एकच किंमत आहे, आणि किमती संख्या किंवा शब्द असतील तर त्यांचा क्रम आपोआप सुसंगत असतो. अपवाद आहे तो 'नॅन' या संख्या नसलेल्या मूल्याचा. ते कुणाहून लहान नाही आणि कुणाहून मोठंही नाही, त्यामुळे दशांश संख्यांच्या यादीतून ते आधी वेगळं काढावं.

३.० मध्ये आणखी एक गोष्ट कडक झाली. आधी संख्या आणि शब्द एकाच यादीत असले तरी पायथॉन काहीतरी मनाने ठरवून त्यांची तुलना करायचा. आता तो सरळ चूक दाखवतो. याचा पहिला फटका रिकाम्या जागांना बसतो, म्हणजे ज्या विद्यार्थ्याचे गुण अजून आलेच नाहीत त्याला. उपाय पुन्हा कीमध्येच आहे: जोडीचा पहिला घटक 'गुण रिकामे आहेत का?' या प्रश्नाचं हो-नाही असं उत्तर ठेवायचा आणि दुसरा गुण. पायथॉनमध्ये नाही हे हो च्या आधी येतं, त्यामुळे रिकाम्या नोंदी तळाला जातात. त्या वर हव्यात की खाली, हे भाषेने ठरवण्यापेक्षा यादीच्या मालकाने ठरवणं केव्हाही बरं.

पायथॉन २.४ मध्येच 'सॉर्टेड' हे वेगळं फंक्शनही आलं. यादीची स्वतःची 'सॉर्ट' ही पद्धत मूळ यादीच बदलते आणि मुद्दाम काहीही परत करत नाही, म्हणजे यादी बदलली आहे हे विसरायला वाव राहू नये. सॉर्टेड मूळ यादीला हात न लावता नवी यादी देतं. जावास्क्रिप्टला हाच भेद करायला २०२३ उजाडलं.

चांगला प्रश्न ठरला की आतलं यंत्र खुशाल बदलता येतं, हेही पुढच्या वर्षांत दिसलं. २०१५ मध्ये काही संशोधकांनी गणिती पडताळणी करताना टिमसॉर्टमध्ये एक खोल चूक शोधली. जावात ती प्रत्यक्ष कार्यक्रम पाडू शकत होती; पायथॉनमध्ये ती उघड व्हायला आजच्या संगणकात मावणार नाही एवढी मोठी यादी लागली असती, तरी तिथेही दुरुस्ती झाली. पायथॉन ३.७ मध्ये सगळ्या की एकाच प्रकारच्या आहेत का हे आधीच तपासून तुलना स्वस्त केली गेली आणि नेहमीच्या कामांत वेग ४० ते ७५ टक्क्यांपर्यंत वाढला. ३.११ मध्ये तुकडे कोणत्या क्रमाने मिसळायचे याचा नियम बदलून मनरो आणि वाइल्ड यांची पॉवरसॉर्ट ही पद्धत घेतली. या तिन्ही वेळा २००४ साली कीसह लिहिलेल्या त्या ओळीत एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

आता मराठीबद्दल, कारण कीचं मोल आपल्याला सगळ्यात जास्त इथे आहे. पायथॉन शब्दांची तुलना युनिकोडमधल्या अक्षरांच्या अनुक्रमांकांनी करतो. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून काकडे, कासार, काळे ही नावं नुसत्या सॉर्टने लावली की काकडे, काळे, कासार असा क्रम मिळतो. ॲ चं आणखी बिकट आहे. त्याला तक्त्यात फार उशिरा जागा मिळाली, ह च्याही बरीच पुढे. त्यामुळे रसायनशास्त्राच्या शब्दसूचीत 'ॲसिड' हा शब्द स्वरांत न येता 'हायड्रोजन'च्याही खाली जातो.

यावरचा उपाय छोटा आहे. आपल्याला हवा तो वर्णक्रम एका ओळीत लिहून ठेवायचा, ॲ स्वरांत आणि ळ ह नंतर. मग शब्दातल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी त्या ओळीतला त्याचा क्रमांक घ्यायचा आणि ही क्रमांकांची यादीच की म्हणून द्यायची. काळे या नावाचे क, काना, ळ आणि मात्रा असे चार क्रमांक होतात. तिसरा क्रमांक कासारमधल्या स पेक्षा मोठा, म्हणून काळे खाली जातं. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र धरायचं की जोडाक्षरं म्हणून, हे मात्र आधी ठरवायला हवं, कारण युनिकोडच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं आहेत. सगळं स्वतः करायचं नसेल तर युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीसाठी वेगळे क्रमनियम आहेत, आणि आयसीयू या मुक्त लायब्ररीला मराठी सांगितली की ती शब्दाची तयार की काढून देते. जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल'मधला कोलेटर की देत नाही, पण भाषेच्या नियमांनुसार शब्दांची तुलना करून देतो.

तुम्ही शाळेचा पट, ग्रंथालयाची सूची किंवा सोसायटीच्या सभासदांची यादी मराठीत दाखवणारं काही लिहीत असाल, तर एवढं आजच करून पाहा: काळे, कासार आणि ॲ ने सुरू होणारा एक शब्द त्यात घाला आणि यादी लावा. काळे कासारच्या वर आले, तर तुमच्या सॉर्टला अजून की दिलेली नाही.